नदी वाढली, म्हणजे पाऊस झाला काय?

न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास अनुमानाचीं जीं उदाहरणें प्रथम सांगतात, त्यांत नदीचें एक आहे. डोंगरावरील धूर पाहून अग्नि ओळखावा, हें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें. परंतु नदीला पूर आलेला पाहून वर कोठें तरी पाऊस झाला असला पाहिजे असें जाणणें, हें उदाहरणहि तितकेंच जुनें आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यावर एक खुमासदार आक्षेप घेतलेला आहे. पूर्वपक्षी म्हणतो, तुमचें हें अनुमान प्रमाण मानतां येत नाहीं. नदी वाढते ती पावसानेंच वाढते असें नाहीं, कोणी पाणी अडविलें तरीहि तें चढतें. मुंग्या अंडीं घेऊन निघाल्या कीं पाऊस येणार असें तुम्ही म्हणतां, पण त्यांचें वारूळ कोणी मोडलें असलें तरी त्या तशाच निघतील. आणि मोराची केका ऐकून तुम्ही हर्षभरित व्हाल, तर एखादा नकला माणूसहि मोराचा आवाज काढूं शकतो. तीन उदाहरणें, आणि तिन्ही पावसाळ्याच्या तोंडचीं. हा पूर्वपक्षी आमच्या कोंकणांतला असावा असें मला विद्यार्थिदशेपासून वाटत आलें आहे. अर्थात् त्याला पुरावा कांहीं नाहीं.

रोह्याच्या कुंडलिकेनें हा आक्षेप अक्षरशः खरा करून दाखविला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी येथें मुळा नदीला धरण बांधूं लागले, त्याविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ ते १९२४ पर्यंत सत्याग्रह केला, तो इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. सत्याग्रह हरला, धरण झालें, आणि १९२७ सालीं घाटाच्या पायथ्याशीं भिरा येथें टाटांचें वीजगृह सुरू झालें. जें पाणी भीमेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें, तें तेव्हांपासून कडा उतरून पश्चिमेकडे येतें, यंत्रें फिरवून मुंबईला वीज देतें, आणि काम संपलें म्हणजे कुंडलिकेंत येऊन पडतें. परिणामीं ऐन वैशाखांत, आकाशांत औषधालाहि ढग नसतां, सकाळच्या प्रहरीं कोलाडजवळ नदी चढते. त्या चढलेल्या पाण्यावर रबरी होड्या हांकण्याचा खेळ आतां तेथें जोरांत चालतो, आणि त्यासाठीं मुंबई-पुण्याचे लोक पैसे मोजून येतात. पूर्वपक्ष्याला हें दाखवितां आलें असतें तर त्याला केवढा हर्ष झाला असता! नदी वाढली आहे, पाऊस कोठेंच नाहीं, आणि वाढण्याचें कारण इतकेंच कीं मुंबईंत घरोघरीं पंखे फिरूं लागले आहेत.

हें सर्व मला नव्यानें आठवण्याचें निमित्त माझी एक जुनी विद्यार्थिनी. माझी सारी नोकरी पेण आणि रोहा ह्या दोन तालुक्यांतील शाळांतून झाली. त्यांपैकीं रोह्याकडील एका शाळेंत ती घाटाखालच्या एका वाडींतून पायीं येत असे. सध्यां ती लोणेऱ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत संगणकशास्त्राचें पदव्युत्तर संशोधन करिते. १९८९ सालीं स्थापन झालेलें हें विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यांत आहे, तरी तेथें मुलें काय करितात ह्याची आपल्यापैकीं फारच थोड्यांना कल्पना असते. तिच्या प्रबंधाचा विषय मराठींत सांगावयाचा तर ‘आंकड्यांच्या राशींतून घटना आणि नमुने ओळखणें’ असा होईल. इंग्रजींत ज्याला ‘डेटा’ म्हणतात त्याला हल्लीं ‘विदा’ म्हणण्याची रीति पडत आहे. शब्द वाईट नाहीं. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दिलेलें’ असा असून तो आणि आपला ‘दत्त’ हे भाऊबंद आहेत, तेव्हां ‘दत्त’ हाच शब्द कां घेतला नाहीं ह्याचें मला नवल वाटतें. कदाचित् गाणगापूरच्या दत्तगुरूंशीं घोटाळा होईल अशी भीति वाटली असेल. असो. दिलेलें म्हटलें कीं देणारा कोणी तरी असतो, एवढा अर्थ त्या शब्दांत आहे आणि तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तिचें काम असें. पावसाचे, नदीच्या पातळीचे, भरतीओहोटीचे वर्षानुवर्षांचे आंकडे यंत्रांत घालावयाचे. पूर येण्यापूर्वीं किंवा दरड सुटण्यापूर्वीं त्या आंकड्यांची जी विशिष्ट चाल असते, ती यंत्रानें ओळखावयाची. हें ऐकून पुष्कळांना वाटेल कीं ही कांहीं अघटित विद्या आहे. पण आपल्या घरांतील स्त्रिया हें काम रोज करितात. दूध उतूं जाण्यापूर्वीं त्याचा आवाज किंचित् बदलतो, तो पाठमोरी बसलेली गृहिणीहि ओळखते. मोहरीच्या तडतडण्यावरून हिंग केव्हां टाकावा हें तिला कळतें. तिला कोणी नियम सांगितलेला नसतो. शेंकडों वेळां पाहून ऐकून तो अंगीं मुरलेला असतो. यंत्रालाहि तसेंच शिकवितात. जुन्या नोंदींतील अमुक तास पुराचे आणि अमुक तास साधे, अशा खुणा करून हजारों उदाहरणें त्याच्यापुढें ठेवावयाचीं, आणि दोहोंतील भेद त्यानें आपला आपण शोधावयाचा. मग त्यानें कधीं न पाहिलेल्या वर्षाचे आंकडे देऊन परीक्षा घ्यावयाची. ही परीक्षेची रीति मला विशेष आवडली. शिकविलेल्या धड्यांतलेंच विचारलें तर घोकंपट्टी करणारा मुलगाहि पहिला येतो. यंत्रहि घोकंपट्टी करितें, आणि त्या विद्येंतले लोक ती मोडून काढण्यासाठीं फार जपतात, हें ऐकून माझ्यांतल्या मास्तराला समाधान झालें.

गुण देण्याच्या बाबतींत तर तिनें मला एक मोठीच गंमत सांगितली. वर्षाचे दिवस ३६५. समजा, त्यांतले दोन पुराचे. आतां एक यंत्र असें आहे कीं तें रोज सकाळीं ‘आज पूर नाहीं’ एवढेंच म्हणतें, दुसरें अक्षर त्याला येत नाहीं. वर्षअखेर त्याचीं उत्तरें तपासलीं तर ३६३ बरोबर, म्हणजे शेंकडा नव्याण्णवांहून अधिक गुण! असा विद्यार्थी बोर्डांत झळकावयाचा, आणि गांव मात्र वाहून जावयाचें. म्हणून ह्या विद्येंत एकूण गुण पाहून भागत नाहीं. दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. घटना खरोखर घडल्या त्यांपैकीं कितींच्या वेळीं तूं हांक दिलीस? आणि तूं हांका दिल्यास त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या? पहिल्या प्रश्नाचे गुण वाढवूं गेलें कीं बहुधा दुसऱ्याचे घटतात. ऊठसूट ओरडणाऱ्याची घटना एकहि हुकत नाहीं, पण लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या गुराख्याप्रमाणें त्याचें कोणी ऐकेनासें होतें. ह्या दोन प्रश्नांमध्यें रेघ कोठें ओढावयाची, हें गणित सांगत नाहीं. तें कोणाला तरी ठरवावें लागतें.

घटना ओळखावयाची तर आधीं नित्य काय तें पक्कें ठाऊक पाहिजे. सामान्यावांचून विशेष दिसत नाहीं. ह्याचें फार मोठें उदाहरण आपल्या शेजारीं अलिबागेस आहे. पेणहून तिकडे समुद्र पाहावयास जाणारे लोक हजारों, पण तेथील चुंबकीय वेधशाळेची माहिती असणारे थोडे. मुंबईस कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ त वेधशाळा काढली, आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें घेऊं लागले. पुढें मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें. तिच्या प्रवाहानें नाजुक सुया ढळतील म्हणून तेव्हांचे संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस ह्यांनीं वेधशाळेचें हें अंग अलिबागेस हलविलें. लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली आणि १९०४ पासून मोजणी सुरू केली. परंतु कुलाब्याची मोजणी त्यांनीं लगेच बंद केली नाहीं. दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं बरोबरच मोजमापें घेतलीं, हेतु हा कीं जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशीं सांधा नीट जुळावा. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. मुंबईंत ती १९६४ सालीं बंदहि झाली. अलिबागची नोंद अद्याप चालू आहे.

त्या सुयांचें रोजचें चालणें मोठें शिस्तीचें आहे. क्षितिजाला समांतर असें जें चुंबकीय बल असतें, तें सकाळपासून वाढत जातें, दुपारच्या सुमारास कळस गांठतें आणि मग उतरतें. अलिबागेस त्याचें मान अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास, आणि हा रोजचा चढउतार साधारण पन्नासाच्या आंतबाहेरचा. आतां १८५९ सालची गोष्ट पाहा. सप्टेंबरच्या १ तारखेस इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन ह्या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर एकाएकीं शुभ्र लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशीं ठिकठिकाणचीं तारायंत्रें बिघडलीं, कोठें कोठें ठिणग्या उडाल्या, आणि ध्रुवप्रदेशांतील प्रकाश कितीतरी दक्षिणेस येऊन दिसला. युरोपांतील स्वयंलेखी यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. घटना घडली हें कळलें, पण ती केवढी हें कळेना. कुलाब्यास मात्र माणसें डोळ्यांनीं पाहून हातानें आंकडे लिहीत होतीं, आणि सुई अस्वस्थ झाली कीं अधिक वेळां लिहीत होतीं. तीं पानें दप्तरांत राहिलीं. सन २००३ मध्यें, म्हणजे १४४ वर्षांनीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखीना आणि शोभना अॅलेक्स ह्यांनीं ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ ह्या परदेशी शास्त्रज्ञांसमवेत त्या पानांचा अर्थ प्रसिद्ध केला. त्या दिवशीं कुलाब्याचें बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं आलें होतें. रोजचें पन्नास, आणि त्या दिवशींचें सोळाशें! मार्च १९८९ मध्यें ह्याहून पुष्कळच लहान अशा एका चुंबकीय वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारांत बसले. तेव्हां १८५९ चें वादळ आज आलें तर काय होईल ह्याचा हिशेब करणारांना कुलाब्याच्या त्या नोंदीचा आधार घ्यावा लागतो. तीं पानें लिहिणाऱ्याला हें कांहींच ठाऊक नव्हतें. तासाला आंकडा लिहावयाचा हें त्याचें काम होतें, तें त्यानें केलें. ‘दत्त’ शब्दांतील देणारा म्हणतों तो हा. ती संस्था हल्लीं नव्या पनवेलींत आहे, म्हणजे पेणहून फार दूर नाहीं.

मास्तराची हजेरीवही हीहि अशीच एक नोंद. हजर-गैरहजर ह्यापलीकडे तींत कांहीं नसतें. पण वहीच्या पानावर नजर फिरवून गांवांत काय चाललें आहे तें सांगतां येतें. आषाढांत लावणी लागली कीं शेतकऱ्यांच्या घरचीं मुलें आठ-दहा दिवस गळतात. पेणेकडे हमरापूर-जोह्याच्या बाजूस गणपतींचे कारखाने. चतुर्थी जवळ आली कीं वरच्या वर्गांतील मुलें हाताला रंग घेऊन येतात, आणि पुष्कळदां येतच नाहींत. रोह्यास दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सलामी असते आणि सारें गांव रात्रभर जागतें. त्यानंतर शाळा भरते तेव्हां वर्गांत जांभयांखेरीज कांहीं नसतें. पेणच्या खारेपाटांत उधाणाच्या भरतीनें बांधाला खांड पडली कीं त्या गांवचीं मुलें एकदम दिसेनाशीं होतात. आणि दिवाळी झाली कीं कातकऱ्यांचीं मुलें आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडीं परत येतात. त्यांच्या नांवापुढें मोकळ्या चौकटींची जी रांग दिसते तिच्यासारखें दुःखद अक्षर हजेरीवहींत दुसरें नाहीं. वरिष्ठांकडे ह्या सर्वांची बेरीज एकच जाते: सरासरी उपस्थिति शेंकडा अमुक.

ह्या वह्यांविषयीं बोलतां बोलतां आम्हां दोघांना एक गोष्ट उमगली. लावणी सोडली तर वरील बहुतेक गैरहजेऱ्या तिथीवर चालतात. इंग्रजी तारखा लावून पाहिलें तर त्या दरवर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, अधिक मास आला कीं उलट उडी घेतात, आणि यंत्राला तो निव्वळ गोंधळ वाटतो. शेजारीं तिथीचा एक रकाना आंखला कीं तोच गोंधळ शिस्तीनें उभा राहतो. तिनें लगेच विचारलें, “गुरुजी, मग भरतीसाठीं हाच रकाना घातला तर?” भरती तिथीवर चालते हें खाडीकांठचें मूलहि जाणतें. आपल्या किनाऱ्यास अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते, नागोठण्याची अंबा धरमतरच्या खाडीला. घाटावर मुसळधार पाऊस आणि खाडींत उधाण अशी गांठ पडली तर खाडी पुराचें पाणी घेत नाहीं आणि तें गांवांत शिरतें. पूर्वपक्ष्याचा पाणी अडविणारा बांध तो हाच; समुद्र स्वतःच बांध होतो. म्हणजे एकाच कुंडलिकेच्या वाढण्याला घाटांतला पाऊस, भिऱ्याचें पाणी आणि समुद्राची भरती अशीं तीन कारणें झालीं, आणि पातळीच्या आंकड्यांत तिन्ही सारखींच दिसतात.

तिथीचा रकाना उपयोगी पडला म्हणून उत्साहाच्या भरांत मीं तिला पंचांगाचीं उरलेलीं अंगेंहि देऊं केलीं. तिनें तीं विनयानें नाकारलीं, आणि तिचें कारण ऐकून माझी मान हालली. एखादा असंबद्ध रकाना केवळ योगायोगानें जुळून येण्याचा संभव विसांत एक धरला, तर असे वीस रकाने एकदम लावून पाहिल्यास त्यांतला निदान एक तरी जुळण्याचा संभव शंभरांत चौसष्ट होतो. म्हणजे रकाने वाढविले कीं नमुने सांपडणारच; आणि ते सांपडले म्हणून खरे ठरत नाहींत. आपल्याकडे ह्याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ. तिथीच्या मागें चंद्राचें आकर्षण हें कारण उभें आहे. व्यतीपाताच्या मागें, पुरापुरतें तरी, तसें कांहीं दिसत नाहीं. आमच्या नैयायिकांनीं व्याप्तीबरोबर उपाधीची चर्चा एवढी केली ती ह्याचसाठीं. अग्नि आहे म्हणून धूर असेलच असें नाहीं, लांकूड ओलें असावें लागतें. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याला धूर नसतो.

आतां जी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते ती सांगतों. पावसाचें मोजमाप आपल्याकडे सकाळीं साडेआठाला घेतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेपुढें लिहितात. ही रीति ज्याला ठाऊक नाहीं, त्याला १९ तारखेच्या रात्रीं कोसळलेल्या दरडीचें कारण २० तारखेच्या पानावर सांपडेल आणि कार्य आधीं, कारण मागाहून, असा चमत्कार दिसेल. तसेंच जागेचें. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच मुंबईंत कुलाब्यास केवळ ७३. ज्याच्यापाशीं फक्त कुलाब्याची वही आहे त्याच्या लेखीं त्या दिवशीं मुंबईंत कांहीं विशेष घडलेंच नाहीं! त्याच दिवसांत आपल्या महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहण, कोंडिवते येथें दरडींखालीं माणसें गाडलीं गेलीं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळगडाखालीं इरशाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसांचा पत्ता न लागतां शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गांवांची यादी सरकारदरबारीं होती. तींत ही वाडी नव्हती, हें सरकारनेंच विधिमंडळांत सांगितलें. यादी करणारांनीं मुद्दाम गाळली असें मी म्हणत नाहीं. पूर्वीं तेथें घटना नोंदलेली नाहीं, म्हणून घटना होणार नाहीं, असा अर्थ नकळत निघतो. ज्या ठाकरवाडीला पर्जन्यमापक नाहीं, जिची जुनी नोंद नाहीं, ती यंत्राच्या दृष्टीनें सर्वांत निर्धास्त जागा ठरते! रोज ‘आज पूर नाहीं’ म्हणणारें तें यंत्र पुस्तकांतलें नव्हे.

ती मुलगी स्वतः अशाच एका वाडींतली आहे, हें वर आलेंच आहे. तिची आई आणि धाकटा भाऊ अजून तेथेंच राहतात. एका पावसाळ्यांत वाडीच्या लोकांना तीन वेळां रात्रीं उठवून खालच्या शाळेंत नेऊन ठेवलें. तिन्ही वेळां डोंगर जागचा हालला नाहीं. एकदां तर परत येऊन पाहतात तों कोंबड्या मुंगुसानें मारलेल्या. ती बाई मला म्हणाली, “गुरुजी, तुम्हीच सांगा तिला. तीनदां उठलों, काय झालं? चौथ्यांदा मी नाय उठायची.” मुलीच्या प्रबंधांत ह्या गोष्टीला एक शास्त्रीय नांव आहे आणि त्याचा एक आंकडा आहे. आंकडा बरा यावा म्हणून रेघ थोडी वर सरकविली तर हांका कमी होतात. पण मग एखाद्या रात्रीं हांक येणार नाहीं, आणि ती रात्र कोणती हें आधीं कळावयाचें नाहीं. रेघ खालीं आणली तर आई उठणार नाहीं. मार्गदर्शक तिला म्हणतात कीं रेघ प्रबंधाच्या सोयीनें ओढ आणि कारण लिहून ठेव. प्रबंधापुरतें तें बरोबरच आहे. ती मात्र तीन महिने त्या रेघेवर अडून बसली आहे.

ह्या अडचणीवर न्यायसूत्रांत उपाय असेल असें मी म्हणणार नाहीं. पण पूर्वपक्ष्याला दिलेलें उत्तर मीं तिला वाचून दाखविलें. सूत्रकार म्हणतो, तुझीं उदाहरणें हीं हेतुच नव्हेत. वात्स्यायन त्याचा विस्तार करितो: केवळ पाणी वाढलें एवढ्यावरून कोणी शहाणा माणूस पावसाचें अनुमान करीत नाहीं. पाणी पूर्वीच्याहून वेगळें दिसावें, प्रवाहाला वेग यावा, फेस पुष्कळ असावा, फळें, पानें, लांकडें इत्यादि वाहून यावींत. असें सर्व पाहून तो म्हणतो कीं वर पाऊस झाला. म्हणजे चिन्ह एक नव्हे, चिन्हांचा समुदाय. कोलाडचा कोणताहि नावाडी हें जाणतो: भिऱ्याचें पाणी निवळ येतें, पावसाचें गढूळ. आणि डोंगराचेंहि तसेंच आहे. दरड सुटण्यापूर्वीं झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें, कोठें नवा झरा फुटतो, जमिनीला भेगा पडतात, सरळ उभीं झाडें कलतात. हीं चिन्हें पर्जन्यमापकांत येत नाहींत.

तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “गुरुजी, पण फेसाचा आंकडा माझ्याजवळ नाहीं.” गढूळपणा मोजण्याचीं यंत्रें आहेत, तीं महाग आहेत, आणि प्रत्येक ओढ्यावर तीं बसविण्याची ऐपत कोणाची नाहीं. मग तिनें दुसरी तोड काढली. घाटाखालच्या चार वाड्यांतील शाळांत तिनें एक साधा तक्ता दिला आहे. मुलांनीं शाळेंत येतांना वाटेवरचा ओढा पाहावा आणि दिवसाला एक ओळ लिहावी: पाणी किती, रंग कसा, वाहून काय आलें, झऱ्याचें पाणी निवळ कीं गढूळ. तिची आईहि एक तक्ता भरते. तिला लिहितां येत नाहीं. धाकट्याला सांगून ती तो लिहविते, आणि धाकटा कुचराई करूं लागला तर रागावते असें कळतें. चौथ्यांदा उठणार काय, हें मीं तिला विचारलेलें नाहीं.

पहिल्या पंधरवड्याचे कागद आतां आले आहेत. रंगासाठीं तक्त्यांत ‘निवळ’, ‘गढूळ’, ‘फार गढूळ’ असे तीनच शब्द दिले होते. चौथीच्या एका मुलानें ते तिन्ही सोडून समासांत लिहिलें आहे: ‘पाणी चहासारखें. पानें नाहींत. एक चप्पल.’ ही नोंद कोणत्या रकान्यांत घालावी, हें तिनें मला फोनवरून विचारलें. चहाचें काय करावयाचें तें तिचें तिनें ठरवावें. चप्पल मात्र फळें, पानें, लांकडें इत्यादींतील ‘इत्यादि’मध्यें धरावी, असें माझें मत मीं तिला कळविलें आहे.